कुठल्या बोअरचं घ्यायचं

आई, तू गेलीस त्याला तेवीस वर्षं झाली, आणि आज मी तुला सांगायला बसले आहे की आमच्या क्लबसाठी रिव्हॉल्व्हर कुठल्या बोअरचं, म्हणजे नळीच्या किती मापाचं, घ्यायचं हे मी कसं ठरवलं. दुसऱ्या कुणाला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही. तुला वाटेल. तू अठरा वर्षं कारखान्यात काडतुसांच्या पुंगळ्या तपासल्यास. त्यातली एकही उडालेली पाहिली नाहीस, पण त्यांची मापं तुझ्या बोटांत होती. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे दहा डबे आणि टोपलीत टाकलेली दहा झाकणं, तू न बघता हात घालायचीस आणि बरोबर तेच झाकण बाहेर यायचं. मी तासभर खटपट करायचे आणि तू म्हणायचीस, "डोळ्यांनी नको शोधू, कड चाचपून बघ."

आधी मी कुठे आहे ते सांगायला हवं, कारण तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मी पतसंस्थेत कारकून होते आणि लग्नाचं नाव काढलं की तोंड फिरवायचे. नंतर लग्न झालं. तू न पाहिलेला तुझा जावई शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये क्वालिटी बघतो. आम्ही अजमानला राहतो. एक मुलगी आहे, अकरावीत. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि भांडणसुद्धा असंच दोन भाषांत होतं. अकरा वर्षांपूर्वी मी इथल्या एका शूटिंग क्लबात रिसेप्शनला लागले. बायोडेटाच्या शेवटच्या ओळीत एनसीसीच्या नेमबाजीचं सर्टिफिकेट लिहिलं होतं, जागा भरायची म्हणून. त्याच ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला काही महिन्यांत आत ओढलं. मग कोर्स झाले, परीक्षा झाल्या. आता शस्त्रांची खोली माझ्याकडे आहे. कुठलं हत्यार बाहेर गेलं, कुठलं परत आलं, कुणी साफ केलं, सगळं मी बघते, आणि गर्दी असली की गोळ्या झाडायच्या लेनवर लोकांच्या शेजारी उभीही राहते. तू असतीस तर म्हणाली असतीस, कारखान्यातून सुटका व्हावी म्हणून शिकवलं, आणि पोरगी जाऊन बसली काडतुसांतच.

गेली दोन-तीन वर्षं येणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारायचा, "वो काउबॉय वाली गन है क्या?" म्हणजे सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर. त्यात प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो, चाप फक्त तो सोडायचं काम करतो. काडतुसंही बाजूच्या एवढ्याशा दारातून एकेक करून भरायची आणि रिकामी पुंगळी एकेक करून ढकलून काढायची. सावकाश काम. तुला हे हत्यार आवडलं असतं, कारण त्यात प्रत्येक काडतूस हातातून जातंच.

आमचे मॅनेजर इथलेच, अमिराती, फौजेतून निवृत्त झालेले. तरुणपणी मुंबईला पुष्कळ येणंजाणं होतं, त्यामुळे हिंदी झकास बोलतात. एका सकाळी त्यांनी मला बोलावून एक फॉर्म पुढे सरकवला. "एक ही लेंगे. कौन सा बोअर, तुम तय करो. कारण लिखो, नीचे साइन करो. खलास." मी फॉर्म घेऊन बाहेर आले आणि मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. त्याला पुढे तीन आठवडे लागले.

कारण प्रत्येकाचं मत होतं. आमच्या लेनचे प्रमुख एक नेपाळी गृहस्थ आहेत, जुने फौजी. आम्ही सगळे त्यांना दाई म्हणतो, म्हणजे त्यांच्या भाषेत थोरला भाऊ. दाईंचं म्हणणं, पंचेचाळीस. "दीदी, असली तो वही है. झटका नहीं देता, धक्का देता है. जैसे कोई बड़ा आदमी कंधे पे हाथ रखे." खरंच आहे ते. मोठी, जड, सावकाश गोळी. पण त्याची काडतुसं आमच्या पुरवठादाराकडे कधी येतात, कधी चार-चार महिने येत नाहीत. मार्केटिंगमध्ये एक दिल्लीचे आहेत, त्यांना यातही चव्वेचाळीस मॅग्नम हवं होतं, म्हणजे जास्त दारूचं काडतूस. आवाज मोठा, नळीतून निघणारी आग मोठी, व्हिडिओत छान दिसतं. जेवताना घरी विषय काढला तर मुलगी म्हणाली, "ममा, जस्ट गेट द स्मॉलेस्ट वन." म्हणजे बावीस. बावीसला धक्का नाहीच, शिकायला उत्तम. पण काउबॉयची बंदूक मागणाऱ्याच्या हातात ते दिलं की त्याचा चेहरा असा पडतो, जणू चहा मागितला आणि गरम पाणी आलं. मग तो स्वतःच त्याहून मोठं मागतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

राहिलं तीनशे सत्तावन, म्हणजे इंचाचे हजारावे भाग; बाकीचे आकडे शंभराव्या भागांचे. आई, या मापाचा घोळ तूच मला पहिल्यांदा सांगितलास, आठवतं? क्वार्टरच्या मागच्या पायरीवर तू तांदूळ निवडते आहेस, मी शेजारी भूमितीचं पुस्तक घेऊन बसले आहे, आणि तू एकदम म्हणतेस, "अडतीस म्हणतात ना त्याला, ते अडतीस नसतंच. गेज लावलं की कमी भरतं. कधीकाळी कुणीतरी पुंगळी बाहेरून मोजली आणि नाव पडलं ते पडलं." मी विचारते, मग नाव बदलत का नाहीत? तू खडा बाजूला टाकतेस. "नावं कोण बदलतं? आपण माप घ्यायचं." अडतीसची गोळी खरी तीनशे सत्तावनच्याच जाडीची. फरक पुंगळीच्या लांबीचा. म्हणून तीनशे सत्तावनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये अडतीसचं आखूड, मऊ काडतूसही चालतं. रिव्हॉल्व्हर मोठ्या दणक्यासाठी बनवलेलं, म्हणजे जड, आणि आत काडतूस मवाळ. धक्का हातापर्यंत येईस्तोवर निम्मा होतो. हे सगळं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फॉर्मवर तेवढं लिहून सही करायची होती.

सही होईना. कारण माझ्याकडच्या कपाटात दोन वर्षांपूर्वीचा एक कागद होता, आणि त्याखालीही माझी सही होती. त्याबद्दल सांगायला मला थोडा वेळ दे.

क्वार्टर्समध्ये बांगड्या विकायला यायची ती कासारीण आठवते? लाल लुगडं, पाठीवर पेटी. बायका तिला सांगायच्या, मला दोन-चार दे, मला दोन-सहा दे. ती कुणाचंच ऐकायची नाही. आधी हात हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघायची, हाड कसं आहे, मांस किती मागे सरतं, आणि मग पेटी उघडायची. एकदा शेजारच्या नव्या सुनेने हट्टाने लहान माप मागितलं, सासू तिच्या जाड हाताला हसली होती म्हणून. कासारिणीने पेटीच बंद केली. "हात माझ्याकडे दे नाहीतर बांगडी मागू नको." तू त्या दिवशी संध्याकाळभर हे वाक्य म्हणत होतीस आणि हसत होतीस. मी लेनवर उभी राहते तेव्हा तेच करते, आई. बोलता बोलता माणसाचा हात बघते. बोटं किती लांब, मनगट किती जाड, अंगठा घोड्यापर्यंत पोचतो का. कोर्समध्येही शिकवतात हे, पण मला ते आधीच येत होतं.

आणि दुसरी गोष्ट, जी आपण दोघींनी नंतर कधी बोललीच नाही. मी नववीत. बाबा जाऊन पाच वर्षं झालेली, तू त्यांच्या जागी लागलेली. तपासणीच्या लांब टेबलावर पांढरं कापड, वर ट्यूबलाइट, आणि तुम्ही बायका रांगेने बसून एकेक पितळी पुंगळी बोटांत फिरवताय, हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की मी ते पाहिल्यासारखं मला आठवतं. त्या महिन्यात एका लॉटमध्ये तुला पुंगळीच्या तोंडाशी केसाएवढी चीर सापडली. मग दुसरी. फोरमन म्हणाले, "बाई, हजारात एखादी निघतेच. करा सही." तू म्हणालीस, "एखादी नाही साहेब. शंभरात तीन निघाल्या." त्यांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग लॉटचं कार्ड तुझ्यासमोर ठेवून निघून गेले. तू सही केली नाहीस. लॉट अडकला, सेक्शनचं महिन्याचं काम अपुरं राहिलं, आणि पुढच्या सोमवारी तुला पॅकिंगला टाकलं. लाकडी खोकी, खिळे, सुतळी. तुझी बोटं सुजायला लागली. नळावर बायका तू आलीस की बोलणं थांबवायच्या. शाळेत फोरमनची मुलगी माझ्याच एनसीसीच्या तुकडीत होती, तिने मला रांगेत शेजारी उभं राहू दिलं नाही.

त्या संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस. मी दारात उभी राहून म्हणाले, "सही केली असतीस तर काय बिघडलं असतं? तू थोडीच ती गोळी उडवणार आहेस?" तुझे हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "उडवणारा मला दिसत नाही ना. दिसला असता तर त्याला सांगितलं असतं." मला तेव्हा ते अजिबात पटलं नाही. मी न जेवता झोपले. त्या लॉटचं पुढे काय झालं, तू बरोबर होतीस की नाही, हे तुला कुणी कधी सांगितलं नाही. दोन वर्षांनी तुला परत टेबलावर घेतलं, तेही फक्त माणूस कमी पडलं म्हणून.

तरी त्याच हिवाळ्यात माझ्या फायरिंगच्या दिवशी तू अर्धी रजा टाकून आलीस. त्याआधी मला पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेस, एक नंबर मोठे. सगळ्या जगाची मापं घेणारी तू, आणि मला म्हणालीस, "पाय वाढेल." पाय वाढला नाही. पुढे कापूस कोंबून मी त्याच बुटांत मैदानावर आडवी झाले. तू दोरीच्या पलीकडे पदर कानांवर दाबून उभी होतीस. पाच गोळ्या झाल्या, शिट्टी वाजली, मी उठून तुझ्याकडे धावले. तू विचारलंस, "लागलं का?" मी म्हणाले, "पाचपैकी चार!" तू म्हणालीस, "खांद्याला, म्हणते मी." मग तू हवालदारसाहेबांकडे गेलीस, "बघू का जरा?" असं विचारून खाली वाकलीस, आणि आमच्या पोरींनी उडवलेल्या त्या इवल्याशा पुंगळ्या एकेक उचलून, बोटांत फिरवून, तोंडाशी निरखून परत ठेवल्यास. तुझ्या कारखान्यातल्या नव्हत्या त्या. हवालदार हसत होते. मला लाज वाटली. तू सगळ्या बघून झाल्यावर म्हणालीस, "ठीक आहेत." आज वाटतं, अठरा वर्षांत तुला आपल्या कामाच्या पलीकडच्या टोकाला काय असतं ते तेवढं एकदाच दिसलं. कानठळ्या बसवणारा आवाज, आणि त्याच्या मागे कुणाची तरी आडवी पडलेली पोरगी.

आता तो दोन वर्षांपूर्वीचा कागद. शुक्रवारची दुपार होती, दाई सुट्टीवर, लेनवर मी. आठ जणांचा ग्रुप, एकाचा वाढदिवस. त्यात एक बाई होती, तिशीची, इंदूरची. तिच्या नवऱ्याला ती आमच्याकडचं चव्वेचाळीस मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर चालवताना व्हिडिओत हवी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मुझे छोटी वाली चलेगी." नवरा हसला, "अरे कुछ नहीं होता, बड़ी वाली दो, मैडम." मी तिचा हात पाहिला होता. बारीक मनगट, घामेजलेली बोटं, मूठ धरल्यावर बोटं पुरत नव्हती. मला स्वच्छ दिसत होतं. मागे सगळे टाळ्या वाजवत होते, मार्केटिंगवाले कॅमेरा घेऊन उभे होते, आणि मी म्हणाले, "टाइट पकड़िए." एवढंच. पहिल्याच गोळीला रिव्हॉल्व्हर वर उसळलं आणि नळी भुवईच्या वर आदळली. तीन टाके पडले. रक्त पुसताना ती मलाच म्हणत होती, "सॉरी, मेरी गलती है, हाथ ढीला रह गया." रिपोर्टमध्ये कारण लिहायची जागा असते. मी लिहिलं, शूटरची पकड सैल होती, सूचना पाळली नाही. खाली सही केली. तिनेही केली. प्रकरण मिटलं. मला कुणी काही बोललं नाही.

तुला उडवणारा दिसत नव्हता म्हणून तू सही केली नाहीस. मला ती दिसत होती, आई. हातभर अंतरावर उभी होती.

नवीन रिव्हॉल्व्हरचा फॉर्म तीन आठवडे टेबलावर पडून राहिला. मॅनेजरसाहेबांनी दोनदा विचारलं. शेवटी मी दोन्ही कागद घेऊन गेले, नवा फॉर्म आणि जुना रिपोर्ट. म्हटलं, आधी हा दुरुस्त करायचा आहे. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"ये तो दो साल पुराना है. उस औरत ने शिकायत की?"

"नहीं सर. उसने तो अपनी गलती मानी थी."

"फिर?"

"गलती मेरी थी. मैंने उसका हाथ देखा था. मना करना मेरा काम था."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "तब क्यों नहीं बोली?" मी म्हणाले, "डर गई थी." त्यांनी दोन्ही कागद ड्रॉवरमध्ये टाकले. "घर जाओ. मैं बताऊँगा."

तीन दिवस मी घरी. नवरा पहिल्या दिवशी चिडला. "दोन वर्षांपूर्वीचं कशाला उकरून काढलंस? कुणी मागितलं होतं? माझी नोकरी आज आहे उद्या नाही, पोरीचं अकरावीचं वर्ष, काही विचार केलास?" मी पडदे धुतले, फ्रीज साफ केला, मुलीच्या शाळेच्या बॅगेची चेन दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी मुलीने सगळं काढून घेतलं माझ्याकडून. ऐकून म्हणाली, "सो शी स्टिल थिंक्स इट वॉज हर फॉल्ट?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "दॅट्स हॉरिबल, ममा," आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली, लहानपणी पडायची तशी.

चौथ्या सकाळी क्लबातून बोलावणं आलं. नवऱ्यानेच सोडलं. अजमान ते क्लब पाऊण तास. गेटजवळ गाडी थांबवून समोर बघतच म्हणाला, "वेल्ड फेल आहे असं लिहिताना माझाही हात थांबतो. दर वेळी. तुला कधी सांगितलं नाही." मी त्याच्याकडे वळले. "यल्ला, चल, उतर आता, मागे गाड्या थांबल्यात."

मॅनेजरसाहेबांनी मला लेखी ताकीद दिली. ती माझ्या फाइलमध्ये लागली आहे आणि राहील. लेनवरच्या कामातून दोन महिने बाजूला केलं. नवा रिपोर्ट माझ्याकडून लिहून घेतला आणि जुन्याला पिन मारून वर लावला. मी विचारलं, जुना काढून टाकायचा ना? म्हणाले, "नहीं. दोनों रहेंगे." मग त्यांनी नियम केला की कुणाच्या हातात काय द्यायचं हे लेनवर उभा असलेला माणूसच ठरवेल, पाहुणा नाही, त्याचा नवरा नाही, मार्केटिंग नाही. चव्वेचाळीस पहिल्यांदा येणाऱ्याला मिळणार नाही. दिल्लीवाल्यांनी तोंड वाकडं केलं, पण नियम छापून भिंतीवर लागला.

त्यानंतर मी फॉर्म भरला. तीनशे सत्तावनचं रिव्हॉल्व्हर, नळी मध्यम, म्हणजे पुढे ओढ पडत नाही. कपाटात काडतुसं मात्र फक्त अडतीसची. तीनशे सत्तावन मॅग्नमचा एकही बॉक्स मागवायचा नाही, म्हणजे कुणी हट्ट केला तरी यात भरायला आपल्याकडे दुसरं काही नको. दाईंनी आठवण करून दिली की लांब खोबणीत आखूड काडतूस चालवलं की आत काजळीची कडी धरते, रोज ब्रश मारावा लागेल. मी लिहिलं, ब्रश मी मारेन. आणि सही केली.

त्या बाईचा नंबर जुन्या फॉर्मवर होता. मॅनेजरसाहेबांना विचारून मी फोन केला. ओळख दिली तेव्हा तिला आधी वाटलं काहीतरी विकायला केलाय. मग मी सांगितलं, सरळ सांगितलं, की त्या दिवशी तुमची चूक नव्हती, ते हत्यार तुमच्या हाताचं नव्हतंच, हे मला तेव्हाच दिसलं होतं आणि मी बोलले नाही. मग ती म्हणाली, "मैंने उसके बाद ड्राइविंग की क्लास छोड़ दी थी. दो टेस्ट बाकी थे. लगता था मेरे हाथों में ही कुछ कम है, इनसे कुछ संभलेगा नहीं." हे ती रागावून म्हणाली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी माफी मागितली. टाक्यांची जागा दुखते का विचारलं, तर म्हणाली, थंडीत थोडं. ठेवताना मी म्हणाले, कधी यावंसं वाटलं तर या, मी स्वतः शेजारी उभी राहीन. ती म्हणाली, "देखते हैं, इन्शाल्ला." इथे आपण सगळेच तसं म्हणायला लागतो. ती येईल की नाही मला माहीत नाही. ड्रायव्हिंगचा क्लास पुन्हा लावलाय का, तेही विचारायचा धीर झाला नाही.

रिव्हॉल्व्हर मागच्या आठवड्यात आलं. परवानग्या, शिक्के, सगळं होऊन. पेटी उघडली तेव्हा दाई आणि मी दोघंच होतो. दाईंनी पंचेचाळीसची हौस बाजूला ठेवून ते हातात तोललं आणि मान हलवली, "ठीक चुना, दीदी." घोडा मागे ओढताना चार वेळा खट्-खट् वाजतो, जुन्या कुलपासारखा. मी पहिलं अडतीसचं काडतूस बाजूच्या दारातून भरायच्या आधी बोटांत फिरवलं, तोंडाशी बघितलं. दाई बघत होते, हसले नाहीत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे मला कळतं. क्वार्टरचा नंबर अजून पाठ आहे, पण तिथे आता दुसरं कुणी राहतं, आणि मी जे तुला तव्यासमोर म्हणाले होते ते मागे घेतलेलं ऐकायला तिथे कुणी नाही. तरी लिहिलं. शस्त्रांच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत, पाच दुपारी मिळून. वही माझ्याच ड्रॉवरमध्ये राहील.

एक सांगायचं राहिलं, तेवढं सांगते आणि थांबते. पहिल्या गोळ्या दाईंनी मलाच झाडायला लावल्या, "आपने चुना है, आप चलाओ." पाच झाडल्या. एकही काळ्या वर्तुळात नाही, सगळ्या डावीकडे, दोन तर कागदाच्याच बाहेर. दहा वर्षं लोकांना शिकवणारी मी. मी दाईंना म्हणाले, नेमाची साइट डावीकडे मारतेय, बघावी लागेल. दाईंनी रिव्हॉल्व्हर घेतलं, सावकाश पाच झाडल्या, पाचही मधोमध. मग ते साफ करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हाँ दीदी, देख लेंगे साइट को."

साइट बरोबर होती, आई. मी डोळे मिटले होते.